शाळेचा कोच फिलिप रिव्हर्स आणि डिसेंबरातले तीन सामने

रानवारा

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने ४४ वर्षांच्या फिलिप रिव्हर्सला बोलावून घेतलं आणि थेट क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून उभं केलं. बातम्यांचा सूर सगळीकडे एकच होता: दहा मुलांचा बाप, आजोबा झालेला माणूस, पाच वर्षांनी पुन्हा मैदानात. मला त्या बातमीतलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटलं, म्हणून हा धागा काढतोय.

ही पाच वर्षं रिव्हर्स घरी बसून नव्हता. अलाबामात मोबाइल बेच्या पूर्व किनाऱ्यावर फेअरहोप नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मायकल कॅथलिक हायस्कूलच्या मुलांना तो फुटबॉल शिकवत होता. कोल्ट्सच्या तो कामी आला, तो या शिकवण्यामुळेच. मोठा खेळाडू निवृत्त झाला की वेळ घालवायला शाळेत कोच होतो, असं आपण सहज धरून चालतो. रिव्हर्सची गोष्ट जवळून पाहिली की चित्र उलटं दिसतं. कोच होणं हे त्याचं घरातलं काम होतं. मधली सतरा वर्षं तो एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, खेळून आला.

मी हंट्सविलला राहतो. इथून अथेन्स हे गाव गाडीने अर्ध्या तासावर. रिव्हर्सचे वडील स्टीव्ह रिव्हर्स अथेन्स हायस्कूलचे मुख्य कोच होते. फिलिपचा जन्म १९८१ चा, जवळच्याच डिकेटरचा. वडिलांच्या संघाच्या सरावात हा पोरगा लहानपणापासून फिरायचा. हाताशी बॉल असायचा तो मोठ्या मुलांचा, पूर्ण आकाराचा. लहान पंजात तो मावत नसे, म्हणून खांद्याच्या उंचीवरून, कोपर खाली ठेवून तो ढकलल्यासारखा फेकायचा. ती सवय जन्मभर राहिली. पुढे एनएफएलचे पारखी त्या फेकीवर नाकं मुरडत राहिले. अथेन्समध्ये तो वडिलांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळला, आणि १७ नंबरची जर्सी त्याने घेतली तीही वडील तो नंबर घालायचे म्हणून.

एनएफएलचा हिशेब थोडक्यात सांगतो, तो कुठेही वाचायला मिळेल. नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून कॉलेजात खेळल्यावर २००४ च्या ड्राफ्टमध्ये (यात संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात) चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सने त्याला घेतलं आणि त्याच दिवशी ईलाय मॅनिंगच्या बदल्यात सॅन डिएगो चार्जर्सकडे दिलं. दोन वर्षं ड्रू ब्रीजच्या मागे बाकावर काढली. २००६ ला ब्रीज न्यू ऑर्लिन्सला गेला आणि रिव्हर्सची पाळी आली. तेव्हापासून २०२० पर्यंत नियमित सीझनचा एकही सामना चुकला नाही, सलग २४०. शेवटचं वर्ष कोल्ट्सकडून. तोवर पासचे ६३,४४० यार्ड, ४२१ टचडाउन पास (ज्या फेकीवर थेट गुण मिळतात), आठ वेळा प्रो बोल, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, मात्र कधीच नाही, तिथवर पोहोचलासुद्धा नाही.

आता यातली तारीख बघा. सेंट मायकलने रिव्हर्स आपला पुढचा कोच होणार हे जाहीर केलं मे २०२० मध्ये. म्हणजे कोल्ट्ससाठी त्याने एकही सामना खेळण्याआधी. निवृत्ती जाहीर झाली २० जानेवारी २०२१ ला, संत सेबास्टियनच्या सणाच्या दिवशी. कॅथलिक परंपरेत हा खेळाडूंचा संत. खेळ कधी सोडायचा हे ठरायच्या आधी पुढे काय करायचं हे ठरलेलं होतं. टीव्हीवर समालोचनाला बसायचे रस्ते अशा माणसाला मोकळे असतात, आणि तिथे पैसा किती मिळतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. हा गेला एका नव्या शाळेत. सेंट मायकल सुरूच झाली २०१६ ला. जुनी परंपरा नाही, ट्रॉफींनी भरलेलं कपाट नाही.

मग डिसेंबर २०२५. कोल्ट्सची सुरुवात जोरात झाली होती, दहापैकी आठ सामने जिंकलेले. ७ डिसेंबरला डॅनियल जोन्सची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. अँथनी रिचर्डसन डोळ्याजवळच्या हाडाच्या दुखापतीने आधीच बाहेर. नवखा रायली लेनर्ड गुडघ्याने लंगडत होता. कोच शेन स्टायकनने रिव्हर्सला बोलावलं. स्टायकन पूर्वी चार्जर्समध्ये रिव्हर्सबरोबर होता, दोघांनी ती आक्रमणाची पद्धत मिळून चालवलेली. आणि सेंट मायकलच्या मुलांना रिव्हर्स तीच पद्धत शिकवत होता! तेच शब्द, त्याच हाका, त्याच रचना, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना झेपतील इतक्या सोप्या करून. दोघांचं बोलणं अधूनमधून चालूच असे. त्यामुळे नवा क्वार्टरबॅक आल्यावर प्लेबुक (संघाच्या चालींची वही) डोक्यात उतरायला जे आठवडे जातात ते इथे लागलेच नाहीत. पाच वर्षं रोज दुपारी तो ते मोठ्याने बोलत होता, फळ्यावर काढत होता, कुणाचं पाऊल कुठे चुकलं ते दाखवत होता. खेळणारा माणूस स्वतःपुरतं समजून घेतो. शिकवणाऱ्याला अकरा जणांचं समजून घ्यावं लागतं, आणि तेही का, हे सांगता येईल इतकं.

१४ डिसेंबरला सिएटलमध्ये तो उतरला. त्याआधीचा त्याचा शेवटचा सामना ९ जानेवारी २०२१ चा, बफेलोविरुद्धचा. मधे १,८०० दिवस. हातात पूर्वीची ताकद नव्हती, लांबचे पास जवळजवळ नाहीतच. पण बॉल हातात येण्याआधी समोरचा बचाव वाचून माणसं इकडची तिकडे करणं, ते तसंच होतं. २७ पैकी १८ पास पूर्ण, १२० यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेलला तो पास). शेवटचं मिनिट उरलं असताना कोल्ट्स ६० यार्डांच्या फील्ड गोलवर (लाथेने खांबांमधून मारलेला, तीन गुणांचा) १६-१५ असे पुढे गेले. मग सिएटलच्या जेसन मायर्सने ५६ यार्डांवरून त्या दिवशीचा आपला सहावा फील्ड गोल मारला. १८-१६. त्या सीझनचा सुपर बोल पुढे सिएटलनेच जिंकला, म्हणजे समोर कोण होतं ते लक्षात घ्या.

सामन्यानंतर पत्रकारांसमोर त्याचा गळा दाटला. बोलला तो आपल्या मुलांबद्दल आणि शाळेतल्या खेळाडूंबद्दल. काय होईल या भीतीने मागे हटू नये, एवढं त्यांना यातून दिसलं तर बरं, अशा अर्थाचं. मला ते अगदी कोचचं बोलणं वाटलं.

पुढचे दोन्ही सामनेही गेले. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याने २७७ यार्ड आणि दोन टचडाउन काढले तरी ४८-२७ अशी हार. जॅक्सनव्हिलशी २३-१७. शेवटच्या सामन्याला लेनर्ड उतरला, आणि कोल्ट्सचा सीझन ८-९ वर संपला. या तीन सामन्यांची किंमतही रिव्हर्सने मोजली आहे. २०२६ च्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, तो उपांत्य यादीत होता. पुन्हा खेळल्यामुळे निवृत्तीनंतरची पाच वर्षांची वाट आता पहिल्यापासून सुरू.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलमध्ये आहेत त्यांची.

प्राजक्ता_कोथरूड

छान लिहिलंय. मला या खेळातलं फारसं कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक विचारते. क्वार्टरबॅकलाच एवढं महत्त्व का? आणि कोच म्हणून क्वार्टरबॅकच बरा, असं काही असतं का?

रानवारा

@प्राजक्ता_कोथरूड, प्रत्येक चाल सुरू होताना बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत ठरतं. त्याहून मोठं काम त्याआधीचं. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत, कोण अंगावर धावून येणार, हे बघून तो ओरडून चाल बदलू शकतो. एनएफएलमध्ये कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो, पण चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. मैदानावर सगळ्यांची कामं ठाऊक असावी लागतात अशी ही जागा आहे, म्हणून या जागेवरून कोचिंगकडे जाणारे बरेच दिसतात.

चांगला क्वार्टरबॅक चांगला शिक्षक होतोच असं मात्र नाही. ज्याला सगळं आपोआप दिसतं, त्याला समोरच्याला का दिसत नाही हे कळायला वेळ लागतो. रिव्हर्सला हे सोपं गेलं असावं, कारण त्याने आधी वडिलांना शिकवताना पाहिलं आणि मग स्वतः खेळला.

लोकरीचा_धागा

डॅलसजवळ राहते. मुलगा मार्चिंग बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, त्यामुळे शुक्रवारची रात्र आमचीही स्टेडियममध्येच जाते. भारतातून आलेल्या पालकांना पहिली दोन वर्षं हे समजतच नाही की एका शाळेच्या सामन्याला अख्खं गाव का लोटतं. बँड, चिअर, ड्रिल टीम, आईवडील, आजीआजोबा, तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेले लोक. त्या गर्दीसमोर उभा राहणारा कोच गावातला महत्त्वाचा माणूस असतो, आणि तीन सामने हरला तर किराणा दुकानात लोक त्याला अडवून विचारतात.

धाग्यात जॉन किट्ना यायलाच हवा. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं अशा मुलाने एनएफएलमध्ये दीड दशक काढलं: सिएटल, सिनसिनाटी, डेट्रॉइट, डॅलस. मग २०१२ मध्ये तो टकोमाला, स्वतः शिकलेल्या लिंकन हायस्कूलमध्ये परतला. नुसता कोच म्हणून नाही. तिथे तो गणित शिकवायचा, ज्यांना बीजगणित जमत नाही अशा मुलांना. माझ्या मते हे रिव्हर्सच्याही पुढचं आहे. फुटबॉलवर तुमचं नाव चालतं, पण बीजगणिताच्या तासाला तुमचे टचडाउन पास कोण विचारतो?

आणि परत बोलावणं त्यालाही आलं होतं! डिसेंबर २०१३, डॅलस काउबॉइजचा क्वार्टरबॅक टोनी रोमोची पाठ गेली, काउबॉइजने सीझनच्या शेवटच्या सामन्यापुरता किट्नाला राखीव म्हणून घेतलं. खेळायची वेळ आली नाही. त्या एका आठवड्याचे जवळपास ५३,००० डॉलर त्याने लिंकन हायस्कूलला देऊन टाकले. पुढे तो आमच्या टेक्सासमध्ये वॉक्सहॅची आणि बर्लसनला कोच होता, मधे एक वर्ष काउबॉइजचा क्वार्टरबॅक कोचही होता, आणि पुन्हा शाळेतच आला.

मीठभाकर

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

धागालेखकाने सलग २४० सामने अभिमानाने लिहिलेत. जानेवारी २००८ चा एक सामना लिहिलेला नाही. न्यू इंग्लंडविरुद्ध एएफसीची (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) फायनल रिव्हर्स गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, फाटलेलं असताना, त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून घेऊन खेळला. अमेरिकेत ती गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मोठ्या माणसाने स्वतःच्या गुडघ्याचं काय करायचं तो त्याचा प्रश्न. पण तोच माणूस पंधरा वर्षांच्या मुलासमोर उभा राहिला की त्या मुलाला आपलं दुखणं बोलून दाखवायची लाज वाटणार नाही का? कोचने तोंडाने 'दुखलं तर सांग' म्हटलं तरी मुलं त्याची जुनी क्लिप बघूनच आलेली असतात.

दुसरं, सेंट मायकल ही खाजगी शाळा. फी भरून मुलं येतात. एनएफएलचा क्वार्टरबॅक कोच आहे म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांतली चांगली मुलं तिकडे ओढली जाणारच. शेजारच्या सरकारी शाळेच्या कोचने काय करायचं? २०२५ मध्ये संघ राज्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला याचं कौतुक आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे.

रानवारा

@मीठभाकर, राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा होता.

आधी दुखापतीचं. डोक्याला मार लागला तर मुलाला परत पाठवायचं की नाही, हे आता कोचच्या हातात ठेवलेलंच नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये लाइस्टेड कायदा केला. झॅकरी लाइस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर पुन्हा खेळायला उतरला आणि आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन बसला, त्याच्या नावाने. कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला की मुलगा बाहेर, आणि वैद्यकीय परवानगी मिळेपर्यंत बाहेरच. अलाबामात असा कायदा २०११ ला आला, २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत झाला. गुडघ्या-खांद्याला मात्र हे संरक्षण नाही, तिथे तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य. २००८ चा तो सामना मुलांना प्रेरणा म्हणून दाखवू नये असंच मलाही वाटतं.

खाजगी शाळेबद्दल: अलाबामाच्या शालेय क्रीडा संघटनेने याच भांडणातून एक नियम केला होता. खाजगी शाळेची पटसंख्या १.३५ ने गुणायची आणि मग तिचा गट ठरवायचा. म्हणजे लहान खाजगी शाळेला तिच्याहून मोठ्या सरकारी शाळांशी खेळावं लागायचं. सेंट मायकल ४ए गटात खेळत होती. याने सगळं समतोल झालं असं मी म्हणणार नाही, पण तक्रार ऐकली गेलेली आहे.

दर्यासारंग

फ्लोरिडात अठरा वर्षं झाली. मीठभाकर यांच्या मुद्द्याला जोडून टेडी ब्रिजवॉटरचं लिहितो, कारण तिथे श्रीमंत खाजगी शाळेचा प्रश्नच नाही.

मायामीच्या लिबर्टी सिटी भागातलं मायामी नॉर्थवेस्टर्न हायस्कूल. ब्रिजवॉटर तिथलाच विद्यार्थी. पुढे लुईव्हिल, मग २०१४ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जने पहिल्या फेरीत घेतला. २०१६ च्या सरावात गुडघा असा निखळला की पाय वाचतो की नाही अशी वेळ आली. तिथून तो परत उभा राहिला. २०२४ मध्ये शाळेत कोच म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी संघ राज्याचा विजेता झाला, फायनल ४१-० अशी. लगेच डिसेंबरअखेर डेट्रॉइट लायन्सने त्याला राखीव क्वार्टरबॅक म्हणून घेतलं. रिव्हर्सच्या एक वर्ष आधी!

आणि जुलै २०२५ मध्ये त्याच शाळेने त्याला निलंबित केलं. कारण, मुलांच्या उबरचं भाडं, सामन्याआधीचं जेवण, अंग मोकळं करायचे उपचार यांचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करत होता. राज्याच्या शालेय क्रीडा नियमांत हा 'अनुचित लाभ' ठरतो. दोष कुणाचा यावर इथे मराठी मित्रांत महिनाभर वाद चालला होता. माझं मत सांगतो: नियम ज्या हेतूने केला तो हेतू बरोबर आहे. पैसे दाखवून मुलं पळवणारे लोक इथे खरोखर असतात. पण सरावानंतर अंधारात घरी पायी जाणाऱ्या मुलाला गाडी करून देणं आणि शेजारच्या शाळेचा तयार खेळाडू पैसे देऊन आणणं, या दोन गोष्टी एकाच रकान्यात बसवणारा नियम बदलायला हवा. लिबर्टी सिटीत गोळीबार ही रोजच्या काळजीची बाब आहे. कोच तिथे मुलगा घरी पोहोचला की नाही हेही बघतो.

लोकरीचा_धागा

@दर्यासारंग, वाचून वाईट वाटलं. तरी एक विचारू? त्याच भागात दुसरी शाळा असेल, तिच्या कोचकडे एनएफएलचा पैसा नाही. तिथली मुलंही अंधारातच घरी जातात. मग चांगली मुलं ब्रिजवॉटरकडेच जाणार ना? गाडीचा आणि जेवणाचा खर्च शाळा-जिल्ह्यानेच सगळ्या शाळांसाठी करायला हवा, म्हणजे कोचच्या खिशावर काही अवलंबून राहणार नाही. टेक्सासमध्ये सरकारी शाळांचा मुख्य कोच साधारणपणे पूर्णवेळ नोकरीत असावा लागतो आणि त्यामुळे तो दिवसभर शाळेतच असतो. मुलांच्या अडचणी त्याला वर्गातच कळतात. हौसेखातर संध्याकाळी दोन तास येणाऱ्या प्रसिद्ध माणसापेक्षा मला ही व्यवस्था जास्त भरवशाची वाटते.

दर्यासारंग

जिल्ह्याने करावा हे शंभर टक्के मान्य. तो करत नाही म्हणूनच तर हे झालं. ब्रिजवॉटर ऑगस्टमध्ये एनएफएलच्या टॅम्पा बे संघाकडे खेळायला निघून गेला, आणि मुलांचा कोच गेला. नियम पाळला गेला खरा.

मीठभाकर

हे दोन्ही वाचून माझं मत थोडं हललंय. प्रसिद्ध माणूस शाळेत येतो याला माझा विरोध नाही. तो किती वर्षं राहतो, यावर सगळं आहे. ट्रेंट डिल्फर, बाल्टिमोर रेव्हन्सबरोबर सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक. नॅशव्हिलच्या लिप्सकॉम्ब अकॅडमीत २०२१ आणि २०२२ ला राज्य विजेतेपद मिळवलं आणि लगेच कॉलेज फुटबॉलमध्ये बर्मिंगहॅमला गेला. तिथे जमलं नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकलं. शाळेतली मुलं चार वर्षं तिथे असतात. नववीत ज्याच्यावर विश्वास टाकला तो बारावीत समोर असायला हवा.

रानवारा

@मीठभाकर, रिव्हर्स २०२१ ला आला, म्हणजे त्याच्याकडे नववीत आलेली पहिली तुकडी २०२५ च्या वसंतात पूर्ण चार वर्षं त्याच्या हाताखाली काढून बाहेर पडली. कोल्ट्सकडे तो गेला तोही शाळेचा सीझन आटोपल्यावर. उपांत्य सामना नोव्हेंबरअखेरीस संपला होता. माझ्यासाठी ही सगळ्यात बोलकी बाब आहे. आणि त्याचा स्वतःचा मुलगा सेंट मायकलचा क्वार्टरबॅक, जसा तो अथेन्सला वडिलांचा होता.

प्राजक्ता_कोथरूड

आता एखादा शाळेचा सामना बघावासा वाटतोय. भारतातून दिसतो का? आणि कधी?

रानवारा

दिसतो. एनएफएचएस नेटवर्कवर बऱ्याच शाळांचे सामने दाखवतात, वर्गणी भरावी लागते. अलाबामात सीझन ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला सामना, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी पहाटे ५:३०. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की ६:३०. शाळेच्या सामन्यात क्वार्टर १२ मिनिटांचे असतात, एनएफएलसारखे १५ चे नाहीत, त्यामुळे अडीच तासांत आटोपतो. पहिल्यांदा बघताना बॉलच्या मागे डोळे नेऊ नका. चाल सुरू व्हायच्या आधीचे पाच-सात सेकंद फक्त क्वार्टरबॅककडे बघा, तो कुणाला हात करतोय, कुणाला सरकवतोय. कळायला तिथूनच लागतं.